सोडून दाखवा, मग पतंग घ्या

कसबा पेठेतल्या आमच्या दुकानात पॉवर काइट घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी वाळूची गोणी दाखवत असे. बहुतेकांना वाटायचं, आपण दुकान चुकलो. काही जण पायरी उतरून पाटी पुन्हा वाचून यायचे. पाटीवर ‘पतंग, छत्र्या, सॅक व तंबू’ असं लिहिलेलं होतं आणि खाली माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णाच्या, वळणदार अक्षरात आणखी एक ओळ होती : ‘नुसते बघायचे असल्यास पतंग आकाशात बघावेत.’ पाटी बरोबर असायची, दुकानही बरोबर असायचं. गोणीचं काय, ते मग मी समजावून सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी मी दुकानातून बाजूला झालो. मशीन आता अण्णाची मुलगी चालवते. ‘काका, तुम्ही नुसते बसा हो,’ असं ती मला म्हणते, आणि नुसतं बसायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. दुकानात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच होता : ‘नवीन शिकणाऱ्याने स्वस्तातला, पण चांगला, असा कुठला पतंग घ्यावा?’ त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. ते पाठ कसं झालं, हे सांगताना मात्र अजून जीभ अडखळते.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. आपला कागदी पतंग आपण ओढतो. पॉवर काइट आपल्याला ओढतो. त्याला कामट्या नसतात. पातळ, चिवट कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवून मध्ये उभ्या पट्ट्या शिवायच्या, म्हणजे शेजारी शेजारी कप्पे होतात. पुढची कड उघडी ठेवायची, उशीच्या अभ्र्याचं तोंड उघडं असतं तशी. वारा आत शिरला की ते सगळं फुगतं आणि विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. दोन टोकांना दोन लांब दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या शेवटी दोन्ही हातांत धरायला एकेक दांडीसारखी मूठ. उजवी ओढली की पतंग उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे. मांजा गुंडाळायची आसारी नाही, ढील नाही, काटाकाटी नाही. ‘मग करायचं काय?’ असं अण्णाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. उभं राहायचं, हेच उत्तर होतं. वारा बरा असेल तर तेवढंच पुष्कळ अवघड असतं.

मुळात आमचं दुकान वडिलांचं. हिवाळ्यात पतंग, पावसाळ्यात छत्र्या. पतंग अण्णाचे आणि छत्र्या माझ्या, अशी वाटणी लहानपणापासूनची. अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो गच्चीवरून पतंग काटायचा आणि मी खाली गल्लीत धावायचो. काटलेला पतंग कुठल्याही पेठेत पडो, अण्णा वरून ओरडायचा, ‘जा, उचलून आण,’ आणि मी जायचो. बांबू सोलून तो अशी कामटी काढायचा की दोन्ही टोकं धरून वाकवली तर कमान जरासुद्धा एका अंगाला जायची नाही. आसपासच्या पेठांत त्याचा पतंग काटलेला कुणी पाहिला नव्हता. निदान तो तसं सांगायचा, आणि त्याला खोटं पाडायला कुणी दुकानात आलं नाही.

मग बाजार खुला झाला. बाहेरच्या घडीच्या छत्र्या आल्या आणि दुरुस्तीपेक्षा नवी छत्री स्वस्त मिळू लागली. प्लॅस्टिकचे पतंग आले. अण्णाने त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नाही. गिऱ्हाइकं मग आमची पायरी न चढता पुढच्या दुकानात गेली. मी जुन्या बाजारातून पॅराशूटचं कापड आणून गिरिभ्रमण करणाऱ्या पोरांच्या सॅक आणि तंबू शिवायला लागलो. त्यावर घर चाललं. अण्णा म्हणायचा, ‘तू पिशव्या शिव. पतंगाचं मी बघतो.’ बघायला फारसं काही उरलं नव्हतं, पण हे त्याला सांगणार कोण?

अशात एक दिवस मेश्राम मॅडम आल्या. मूळच्या नागपूरच्या, संगणकाच्या कंपनीत इंजिनिअर, राहायला कर्वेनगरला. कंपनीने त्यांना सहा महिने परदेशी पाठवलं होतं, तिथून त्यांनी एक निळं गाठोडं आणलं होतं. ते त्यांनी आमच्या फळीवर ठेवलं.

‘भाऊ, इथे फाटलं आहे. शिवून देता का?’

‘तंबू आहे का?’ मी विचारलं.

‘नाही, पतंग आहे.’

आतून अण्णाचा आवाज आला, ‘पतंगाला कामट्या असतात. ही उशी आहे.’

‘उशीच समजा,’ मॅडम म्हणाल्या, ‘पण दोन माणसांना ऐकत नाही ही उशी. तुम्ही हसून राहिले, एकदा उडवून तर पाहा.’

अण्णाने त्या वस्तूचं नाव तिथल्या तिथे ‘ओढ्या’ ठेवलं. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. मी मात्र रात्रीचं जेवण विसरून त्या शिवणीकडे बघत बसलो होतो. फाटलेला कप्पा उसवला, तेव्हा आतली सगळी रचना माझ्यासमोर उघडी पडली. मी वर्तमानपत्रावर त्याचा साचा उतरवून घेतला. मॅडमना विचारून घेतला, हे खरं आहे. विचारलं उतरवून झाल्यावर, हेही सांगून टाकतो.

त्या म्हणाल्या, ‘बनवा ना! बाहेरून मागवायचा म्हटलं तर माझ्या ऑफिसमधल्या पोरांना परवडत नाही. तुम्ही स्वस्तात दिला तर दहा जण घेतात.’

पहिले तीन पतंग उडाले नाहीत. चौथा उडाला आणि शेजारी चरणाऱ्या म्हशीच्या अंगावर बसला. चूक दोऱ्यांत होती. दोन्ही दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या लागतात, बोटभर फरक पडला तरी पतंग गरागरा फिरतो. आणि ताणल्यावर वाढणारी दोरी चालत नाही. मी आमच्या दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकला, दुसरा पार गल्लीच्या टोकाला, आणि दोन्ही दोऱ्या ताणून ठेवू लागलो. समोरचे काका गॅलरीतून म्हणाले, ‘एवढी सोय केलीच आहे तर आमचे पंचेही वाळत घालू का?’ मी म्हटलं, घाला, तेवढाच ताण बसेल. ते खरंच पंचे घेऊन खाली आले.

आता तो स्वस्ताचा भाग. स्वस्त करायचं म्हणजे कुठेतरी हात आखडायचा. कुठे आखडायचा, यातच सगळा धंदा आहे. रंग जुळला नाही तरी पतंग उडतो, म्हणून कापडाचे उरलेसुरले तुकडे चालतात. पतंग ठेवायला झुळझुळीत पिशवी नको, जुन्या छत्रीचं कापड पुरे. चार दोऱ्यांचा नको, दोनचा घ्या. आणि मोठा तर नकोच. दीड मीटर रुंदीचा बास. मोठा म्हणजे जास्त मजा, असं प्रत्येक नवशिक्याला वाटतं. लहान पतंग चुका माफ करतो, मोठा करत नाही. हे सगळं मी पहिल्या हंगामातच शिकलो आणि बऱ्यापैकी बुटांच्या किमतीत ओढ्या द्यायला लागलो. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं शनिवारी दुपारी कसब्यात गाड्या लावायला जागा शोधत फिरू लागली. वडिलांच्या वेळेनंतर दुकानात एवढी गर्दी मी पहिल्यांदा बघत होतो. माझी मान जरा ताठ झाली होती, खोटं कशाला सांगू.

हात आखडताना मी एक गोष्ट मात्र चुकीची काढली. मॅडमच्या पतंगाला एका मुठीपासून मनगटापर्यंत एक पट्टा होता. वारा फार झाला की दोन्ही मुठी सोडून द्यायच्या. एक दोरी मोकळी होते, दुसरी पट्ट्यामुळे मनगटाशी राहते, पतंगातली हवा जाते आणि तो चादरीसारखा खाली येऊन पडतो. पतंगही आपला राहतो आणि हातही. मी तो पट्टा गाळला होता. पट्टा, त्याची कडी, त्याची दुहेरी शिवण, एवढं वाचत होतं.

मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं. ‘भाऊ, पट्टा काहून काढला? पट्टा नाही तर पतंग सोडेल कोण? सोडला की गेला पाण्यात.’

‘आमच्या पेठेत पतंग सोडत नाहीत,’ मी म्हटलं. मोठ्या ऐटीत म्हटलं.

त्या मे महिन्यात मी पहिला तीन मीटरचा ओढ्या शिवला. उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी मागे हटतं आणि काठाला मोकळी जमीन उघडी पडते, तिथे मी, मेश्राम मॅडम आणि त्यांच्या ऑफिसमधली पोरं रविवारी पतंग तपासायला जायचो. त्या रविवारी अण्णा पहिल्यांदा बरोबर आला. वर्षभर ‘उशी, उशी’ म्हणून झालं होतं. तिथे पोरासोरांना वाऱ्यावर झुलताना बघून त्याच्याने राहवलं नाही. तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, ‘आण इकडे. तो मोठा.’

माझ्या पिशवीत दीड मीटरचा होता. रोज नवशिक्यांना देतो तोच. पण अण्णाला लहान पतंग द्यायचा? चाळीस वर्षं ज्याने आभाळ गाजवलं त्याला मी, छत्रीवाल्याने, म्हणायचं की तू नवशिका आहेस? माझी जीभ रेटली नाही. मी मोठा दिला.

पतंग वर गेला तेव्हा अण्णा हसत होता. मग वाऱ्याचा एक झोत आला. कागदी पतंगाच्या माणसाचे हात अशा वेळी आपोआप वर जातात, तसे त्याचे गेले. ढील द्यायला आसारी नव्हती. तो दोन पावलं पुढे गेला, मग पळायला लागला, मग पडला. मी आणि मॅडम दोघंही ओरडत होतो, ‘सोड, अण्णा, सोड!’ ‘अण्णा, सोडा ना!’ मुठी उघडल्या असत्या तर तिथेच सगळं थांबलं असतं. पण आमच्या घरात हातातली दोरी सोडणं हे हरलेल्याचं लक्षण. त्याने मुठी आणखी आवळल्या. वीसएक पावलं तो त्या दगडधोंड्यांतून फरफटत गेला आणि एका खडकाला अडकून थांबला. उजवा खांदा निखळला होता, आतलं बरंच काही फाटलं होतं.

मी पोचलो तेव्हा त्याने पहिलं विचारलं, ‘कटला का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

खांदा बसवला, पुढे ऑपरेशनही झालं, पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा तो कायमचा थांबला. हात वर जात नाही तर कागदी पतंग उडवता येत नाही. सुरी दाबून बांबूही सोलता येईना. सहा महिन्यांनी त्याने आपली सुरी कापडात गुंडाळून माझ्या फळीवर ठेवली आणि दुकानात येणं बंद केलं. घर पलीकडच्याच बोळात. सणावाराला भेटायचो, जेवायचो, राजकारणापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं बोलायचो. पतंगाचं अवाक्षर निघत नसे. चूक माझी होती, पट्टा मी काढला, मोठा पतंग मी दिला, हे त्याला सांगायला मी कितीतरी वेळा तो बोळ ओलांडला आणि चहा पिऊन परत आलो. या एका गोष्टीची मला लाज वाटते.

ओढ्या शिवणं मी बंद केलं. मेश्राम मॅडम वर्षभर गप्प राहिल्या, मग एक दिवस येऊन फळीसमोर उभ्या राहिल्या.

‘बंद करून काय होते, भाऊ? पोट्टे आता कुठून कुठून काय काय मागवून राहिले. त्यांना कोण शिकवते? तुम्ही विका. पण सोडायचं शिकवून विका.’

त्यातून ती गोणी आली. दुकानाच्या आढ्याला छत्र्यांचे गठ्ठे टांगायची एक जुनी कप्पी होती. तिच्यावरून दोर घेतला. एका टोकाला पतंगाच्या दोन मुठी, दुसऱ्या टोकाला वाळूची गोणी. गोणी स्टुलावर ठेवायची, गिऱ्हाइकाच्या हातात मुठी द्यायच्या, त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मध्येच स्टूल लाथेने सरकवायचं. गोणी खाली येते, मुठी हिसक्याने वर जातात. ज्याचे तळवे उघडले त्याला पतंग. ज्याच्या मुठी आवळल्या त्याला चहा, आणि मग पुन्हा. पाटीवर मी माझ्या वाईट अक्षरात ओळ वाढवली : ‘सोडता येत असेल त्यालाच पतंग मिळेल.’ आणि प्रत्येक ओढ्याला मनगटाचा पट्टा आला. किंमत थोडी वाढली. कुणी घासाघीस केली तर मी म्हणायचो, रंग कमी करतो, पट्टा नाही.

गंमत अशी की दांडगे लोक हमखास नापास व्हायचे. एका मोठ्या कंपनीचे मॅनेजर आले होते, ‘आम्हाला तुमच्याकडचा सगळ्यात मोठा दाखवा’ म्हणत. चार वेळा गोणी पडली, चारही वेळा ते टाचा उचलून कप्पीकडे निघाले. ‘ही तुमची सिस्टिम अनप्रोफेशनल आहे,’ असं मला म्हणाले. मी म्हटलं, आहे खरी, चहा घेणार का? त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी सहज मुठी धरल्या आणि गोणी हलताक्षणी सोडून दिल्या. ‘ओढलं की सोडायचं, त्यात काय एवढं?’ त्या म्हणाल्या. पतंग त्यांच्या नावावर दिला.

असे शेकड्यांनी पतंग गेले. दुकानातून गेलेल्या ओढ्याने माणूस फरफटत नेला, असं त्यानंतर कधी ऐकलं नाही. हे मी अभिमानाने सांगतो. आणि सांगताना दर वेळी तो बोळ आठवतो.

मेश्राम मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, ‘अण्णांना काहून नाही उडवता येत? ओढ्याला हात वर लागतच नाही. छातीशीच तर धरायचे आहेत.’ ते मला माहीत होतं. रोज गिऱ्हाइकांना मीच सांगत होतो, हात छातीशी, वर नाही. फक्त बोळ ओलांडून ते अण्णाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. ते मॅडमनी परस्पर केलं असावं. विचारलं तर त्या नुसत्या हसतात.

कारण एका मंगळवारी सकाळी अण्णा दुकानात आला. सहा वर्षांनी. आत आला नाही, फळीच्या बाहेर गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला. पाटी वाचली. माझ्या अक्षराकडे बघून नाक मुरडलं. मग म्हणाला, ‘नवशिक्यासाठी स्वस्तातला कुठला आहे?’

मी दीड मीटरचा काढून फळीवर ठेवला आणि म्हटलं, ‘हा घेऊन जा.’

‘असाच?’ तो म्हणाला. ‘बाकीच्यांना असाच देतोस का? ती गोणी कुठाय?’

मी मुठी त्याच्या हातात दिल्या. गप्पा माराव्यात तर काही सुचेना. शेवटी इतकी वर्षं अडकलेलं तेच बाहेर आलं. ‘अण्णा, त्या दिवशी चूक माझी होती. पट्टा मी काढला होता. आणि तुला मोठा द्यायला नको होता.’

‘मी मागितला म्हणून दिलास. आणि दोरी माझ्या हातात होती,’ तो म्हणाला. ‘स्टूल सरकव.’

मी सरकवलं. गोणी पडली आणि अण्णाच्या मुठी घट्ट आवळल्या गेल्या. तो फळीवर आपटला, खांदा धरून खाली बसला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, ‘पुन्हा.’ पुन्हा तेच झालं. त्याने पाणी मागितलं, माझ्या चहाला नकार दिला आणि तिसऱ्यांदा मुठी धरल्या. या वेळी गोणी खाली गेली तशा मुठी सुटून वर कप्पीवर जाऊन आदळल्या. अण्णा आपल्या उघड्या तळव्यांकडे बघत राहिला.

‘बांधून दे,’ तो म्हणाला.

त्या रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो. मेश्राम मॅडमही आल्या होत्या, पण लांब उभ्या राहिल्या. अण्णाने पट्टा मनगटाला अडकवला, मी पतंग उचलून धरला, आणि तो वर गेला. हात छातीशी. एकदाही वर गेले नाहीत. उजवीकडे, डावीकडे, मग पाण्यावरून एक लांब वळसा. मान तीच जुनी, गच्चीवरची, किंचित तिरपी. नेमका तेव्हाच वाऱ्याचा जोर वाढला.

अण्णा दोन पावलं पुढे गेला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडलो नाही. त्याचे तळवे उघडले. पतंगातली हवा गेली आणि तो लांबवर काठाच्या चिखलात अलगद येऊन पडला.

अण्णा माझ्याकडे वळला. ‘कटला नाही हं,’ तो म्हणाला. ‘सोडला.’

मग त्याने हनुवटीने चिखलाकडे खूण केली. ‘जा, उचलून आण.’

पंचावन्न वर्षांचा मी, चपला तिथेच टाकून धावत सुटलो.